मुलुंड ते मनोरी, व्हाया व्हीटी

आमच्या घरात सुट्टीचे दोन पक्ष आहेत. नवरा दगडपक्षाचा. त्याला किल्ला, वाडा, लेणी, निदान एखादी पडकी वेस तरी लागते, आणि समोरचा माहितीफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मी पाणीपक्षाची. समुद्र, ताटात मासा आणि दुपारच्या झोपेतून कुणी उठवू नये, एवढंच माझं मागणं.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. शुक्रवारी एक रजा टाकली की चार दिवस सुटे. तो म्हणाला, संभाजीनगर-वेरूळ. मी म्हणाले, गुहागर-वेळणेश्वर. सासूबाई म्हणाल्या, "मला काहीही चालेल, फक्त पायऱ्या नकोत." आठवडाभर हे चाललं आणि निकाल शेवटी रेल्वेने लावला. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जोडून सुट्टी आली की ते उघडतं तेव्हाच संपतं, हे ठाऊक असूनही आम्ही तीन आठवडे उशिरा जागे झालो. वेटिंग लिस्टचा आकडा बघून लॅपटॉप मिटला.

अकरावीतली लेक शांतपणे म्हणाली, "बाबांना जुनं शहर पाहिजे, आईला समुद्राकाठचं गाव पाहिजे. दोन्हीकडे लोकल जाते. मग तिकीट कसलं काढताय?"

मी एकच अट घातली. चार दिवस कुठेही फिरू, पण रात्री घरी यायचं नाही. घरी आलं की कुकर लावावा लागतो.

पहिला दिवस, शुक्रवार

कामाच्या दिवशी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बॅगा घेऊन चढणं हा गुन्हाच आहे, आणि लेडीज डब्यात त्याची शिक्षा नजरेने होते. "गावाला का?" एकीने विचारलं. "व्हीटीला," मी म्हटलं. "नाही हो, तिथून पुढे कुठे?" पुढे कुठेच नाही, हे तिला पटेना.

मी अकरा वर्षं रोज व्हीटीला, म्हणजे पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला, आताच्या सीएसएमटीला, उतरत होते. नंतर ऑफिस वांद्र्याला बीकेसीत गेलं. त्या अकरा वर्षांत मी मान वर केली असेल ती फक्त इंडिकेटर बघायला. त्या दिवशी घाई नव्हती, तर तिकीट खिडक्यांच्या मोठ्या दालनात उभी राहिले. छतावर चांदण्या काढल्यात. चकचकीत दगडी खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी, आणि त्या पानांत प्राणी, पक्षी दडलेले. खालून रांग सरकतेय, कुणी सुट्ट्या पैशांवरून भांडतंय, आणि वर ही चिमुकली दगडी राई. इमारतीचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, बांधकाम १८७८ पासून दहा वर्षं चाललं. पण कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता, म्हणजे आमच्या लेकीहून दोन-चार वर्षांनी मोठी पोरं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. घड्याळाच्या खाली एक कोनाडा रिकामा आहे. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर हलवला.

नवऱ्याने एक गोष्ट सांगितली, ती मात्र फलकावर नव्हती. मुंबादेवीचं जुनं देऊळ ह्याच भागात, बोरीबंदराजवळ होतं. ती कोळ्यांची देवी. इंग्रजांना किल्ल्याच्या बंदोबस्तासाठी जागा मोकळी हवी होती, म्हणून देऊळ हललं आणि देवी आता आहे तिथे, भुलेश्वरकडे गेली. सासूबाई थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जागा हिची, आणि पाटी राणीची."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग लॉजवर गेलो. खोल्या फोनवरून ठरवल्या होत्या. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं आणि परत सरकवलं. "लोकल आयडी चालत नाही."

"लोकल म्हणजे? आम्ही चौघं एका घरातले आहोत, आमच्या आई आहेत सोबत."

"मुलुंडचे ना? मग घरी जा की. तासाभराचा तर रस्ता."

नवरा नियम दाखवा म्हणाला. नियम नव्हता, मालकाचा हुकूम होता. सासूबाई बॅगेवर बसल्या. दीड तास तीन ठिकाणी फिरून शेवटी एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट होती, लाकडी बाकाची आणि जाळीच्या दाराची. दाराचा कडी-कोयंडा कसा लावायचा ते लिफ्टमनने लेकीला दोनदा शिकवलं. आपल्याच शहरात पाहुणं व्हायचं असेल तर आधी फोनवर "आम्ही मुंबईचेच" हे स्वच्छ सांगून घ्या. आमचा दीड तास गेला.

दुपारी ऊन उतरल्यावर निघालो. आपण सगळे 'फोर्टात जातो' म्हणतो, पण फोर्ट कुठाय हे कुणी विचारत नाही. तट १८६०च्या दशकात पाडला. तीन दरवाजे होते, अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. दरवाजे गेले, नावं मात्र स्टेशनवर, रस्त्यावर चिकटून राहिली. वकील मंडळी अजून 'किल्ला कोर्ट' म्हणतात. ज्या चर्चवरून चर्चगेट, ते सेंट थॉमस कॅथीड्रल हॉर्निमन सर्कलपाशी आहे, १७१८ सालचं. आत शिरलं की रस्त्याचा आवाज एकदम बंद होतो. इंग्रजांच्या काळात मुंबईतले मैल ह्या चर्चपासून मोजत, आणि तसे काही मैलाचे दगड अजून फुटपाथांवर उभे आहेत. मुलुंडपर्यंत त्यांचे दगड पोचले असते तर कितवा लागला असता, ह्याचा हिशेब बापलेकीने चर्चमध्येच मांडला. मी दोघांना बाहेर काढलं.

हुतात्मा चौकात सासूबाई थांबल्या. त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला तेव्हा त्या पाळण्यातून नुकत्या बाहेर आलेल्या. पण घरात ती संध्याकाळ इतक्यांदा सांगितली गेली की त्यांना ती पाहिल्यासारखी वाटते. वडील रात्री उशिरा चालत घरी आले, चपला नव्हत्या पायात. एवढंच त्या बोलल्या, आणि हुतात्म्यांच्या स्मारकाला नमस्कार करून पुढे निघाल्या. कारंज्यावरची फ्लोरा १८६४ पासून तिथेच आहे. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळ ओव्हलवर. मैदानात चार-पाच क्रिकेटच्या मॅचेस एकमेकींत मिसळून चाललेल्या. कुणाचा चेंडू कुणाच्या फिल्डरने अडवला ह्याचा हिशेब फक्त त्यांनाच. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार आणि काळपट. दुसऱ्या बाजूला गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती, बहुतेक १९३०च्या दशकातल्या. २०१८ मध्ये ह्या दोन्ही रांगा मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या. पण मला जे ठाऊक नव्हतं ते वेगळंच. कोर्ट आणि टॉवर बांधले तेव्हा त्यांच्या पश्चिमेला समुद्र होता. डेको रांग उभी आहे ती भरावावर. म्हणजे ज्या इमारतींना मी 'दगड' म्हणून नाक मुरडत होते त्या मुळात समुद्राकडे तोंड करून बसलेल्या, आणि पुढे कुणीतरी त्यांच्यासमोर दुसरी रांग उभी केली.

राजाबाई टॉवरची गोष्ट सासूबाईंना आवडली. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावायला सांगितलं. तिला दिसत नव्हतं, सूर्यास्तापूर्वी जेवायचा तिचा नेम, म्हणून वेळ ऐकू यावी, असं सांगतात. "मुलगा असावा तर असा," सासूबाई म्हणाल्या. नवरा टॉवरची उंची वाचण्यात गुंग होता.

दुसरा दिवस, शनिवार

पहाटे साडेपाचला ससून डॉक. सासूबाई झोपून राहिल्या. नवरा येतो म्हणाला कारण डॉक १८७५ चा आहे. अन्यथा आला नसता.

फाटकातून आत गेलो आणि पाय घसरला. जमिनीवर बर्फाचं पाणी, खवलं आणि कोलंबीची सालं. बोटी धक्क्याला खेटून उभ्या, आणि खालून वर टोपल्या अक्षरशः भिरकावल्या जातात. वरचा माणूस न बघता झेलतो. लिलाव कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बाहेरच्याला कळणं अशक्य. दोन शब्द, एक मान हलली, आणि पापलेटची रास विकली गेली. तेवढ्यात पाटी डोक्यावर घेतलेल्या कोळणीने मला कोपराने बाजूला केलं. "बाजूला व्हा ताई, इथं उभं राहायची जागा नाय." बरोबरच होतं तिचं. तिथे जागा फक्त काम करणाऱ्याला आहे. मोबाइल काढला तर लोक तोंड फिरवतात, म्हणून खिशातच ठेवला.

एका कडेला बायका ओळीने बसून कोलंबी सोलत होत्या. मी एकीच्या हातांकडे बघत राहिले. डोकं पिरगाळायचं, साल एका झटक्यात ओढायची, सोललेली कोलंबी टोपात, साल मागे. मला एका कोलंबीला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिच्या आठ-दहा झाल्या असतील, आणि ती शेजारणीला सुनेची तक्रार सांगत होती. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. बर्फाच्या पाण्यात बोटं फाटतात.

परतताना नवरा गप्प होता. मग म्हणाला, "फलक नाहीये तिथे एकही." त्याच्या तोंडून ही तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

घारापुरी ह्याच दिवशी करायची होती, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पण वर शंभरावर पायऱ्या, आणि सासूबाईंची अट घरातून निघतानाच ठरलेली. घारापुरी राहिली. त्याचं मला वाईट वाटतं, कारण आमच्या भांडणाचं उत्तर खरं म्हणजे तिथे होतं. लेणीही आहे आणि गावही. २०१८ पर्यंत ज्या गावांत चोवीस तास वीज नव्हती ती गावं, मुंबईच्या दिव्यांसमोर.

दुपारनंतर वरळी कोळीवाडा. टॅक्सीवाला आत यायला तयार नव्हता, गल्लीत गाडी वळत नाही म्हणून. चालत गेलो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, हा तिथला वाहतुकीचा नियम. ओट्यावर जाळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. लेकीने त्यांना विचारलं, किल्ला कुठे आहे. ते म्हणाले, "सरळ. पण आधी गोल्फादेवीला जाऊन या." गेलो. ही कौल देणारी देवी. होडी घ्यायची, लग्न ठरवायचं, आधी कौल. नवऱ्याने मला हळूच विचारलं, पुढच्या सुट्टीचा लावायचा का?

किल्ला छोटा आहे, इंग्रजांनी १६७५च्या सुमारास बांधलेला, खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला. समोर सी लिंक इतका जवळ की पुलाच्या तारा मोजता येतात. कडेला नव्या सागरी किनारा रस्त्याचे खांब. ह्या खांबांवरून इथल्या मच्छीमारांनी मोठा लढा दिला. पालिकेच्या आराखड्यात दोन खांबांत ६० मीटर अंतर होतं. कोळी म्हणत होते की भरती, वारा आणि पाण्याची ओढ सांभाळून होडी त्यातून काढता येणार नाही. बरेच दिवस काम अडलं, शेवटी अंतर १२० मीटर झालं. पुलावरून गाडीने जाताना हे कळत नाही. किल्ल्याच्या बुरुजावरून एक होडी त्या फटीतून येताना पाहिली, तेव्हा ६० मीटर म्हणजे किती कमी ते कळलं.

रात्री फोर्टात परत. शनिवारी रात्री नऊनंतर फोर्टात चिटपाखरू नसतं. कमानींखालून आम्ही चौघं चाललो होतो, आमच्याच पावलांचे आवाज. मला ते इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

तिसरा दिवस, रविवार

रविवारच्या रुळदुरुस्तीचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत हार्बर लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने वर्सोवा, रिक्षाने जेट्टी. जेट्टीपर्यंत नाकाने रस्ता सापडतो. वर्सोव्याहून मढला फेरीबोट आहे. पाच मिनिटं लागतात, मोटारसायकलीही चढवतात. रस्त्याने मालाडवरून वळसा घालून गेलात तर त्याच अंतराला तास जातो. इथे पूल होणार आहे म्हणतात. बोटवाल्याला विचारलं तर त्याने फक्त पाण्यात थुंकलं.

मढच्या किल्ल्यात जाता येत नाही, बाहेरूनच बघायचा. नवऱ्याचा चेहरा उतरला. पण त्याला बोलायला वेळ मिळाला नाही, कारण पुढच्याच वळणावर बोंबील होते.

बांबूंच्या लांबच लांब वलांडी, आणि त्यांवर हजारो बोंबील वाळत घातलेले. लांबून धुवट कापडाच्या चिंध्यांसारखे. जवळ गेल्यावर युक्ती दिसली. दोरा नाही, चिमटा नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर दोन्हीकडे टाकायची. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, एकदा धरलं की सुटत नाही. वारा सुटला तरी जोडी हलते, पडत नाही. वलांडीखाली एक बाई हे करत होती. नवरा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि किती दिवस वाळतात, पावसाळ्यात काय करता, बोटी कधी बंद असतात, सगळं विचारू लागला. "जून-जुलै बंदी," ती म्हणाली, "मग नारळी पुनवेला नारळ सोडला की बोट पाण्यात." तो माणूस माहितीफलक वाचतो तसाच तन्मय झाला होता. पाऊण तास. ऊन चढलं, लेकीने मला बघ म्हणून खूण केली. अर्धा किलो सुके बोंबील घेऊन आम्ही त्याला उठवलं.

एरंगळला वाळूवरचं सेंट बोनाव्हेंचर चर्च, १५७५ चं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते. आम्ही दोन आठवडे उशिरा पोचलो, फक्त रंगीत कागदाच्या पताका उरल्या होत्या. रविवारची गर्दीही बेताची नव्हती. लवकर निघालो. मार्वेहून फेरीबोटीने मनोरी.

मनोरीत उतरलं की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे वॉर्ड बीएमसीचाच आहे. कचऱ्याच्या डब्यावर लिहिलंय. बाकी सगळं गावाचं. विहिरी, ताडाची झाडं, कौलारू घरं, आणि नाक्यानाक्यावर झेंडू वाहिलेले क्रूस. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा आणि त्यानंतर असे पुष्कळ क्रूस गावठाणांत उभे राहिले. लोकांनी नवस बोलले होते.

मुक्काम एका ईस्ट इंडियन आँटीच्या घरात. ही इथली जुनीच माणसं, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेली, घरात मराठीच बोलणारी. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली, बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे हे दाखवायला त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, कंपनी सरकारवरून. लेक म्हणाली, "व्हीटीला व्हिक्टोरिया नाव दिलं तेच साल." तीन दिवसांत कळलेली दोन नावं एका समारंभातली निघाली. स्टेशनचं बदललं. ह्यांचं राहिलं.

स्वयंपाकघरात आमच्या घरातली खरी सुट्टी घडली. सासूबाई संगमेश्वरकडच्या. आँटीने बॉटल मसाल्याची काळपट बाटली उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात म्हणून बॉटल मसाला. सासूबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि एकेक जिन्नस सांगू लागल्या. आँटी मान डोलवत होती. तीन जिन्नस मात्र सासूबाईंना ओळखता आले नाहीत, आणि आँटीने ते सांगितले नाहीत. "तुमचा मसाला पाठवा, मग सांगते." रात्री फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, सुरमईचं कालवण, आणि आदल्या पहाटेच्या कोलंबीवालीची आठवण काढत कोलंबी. खळ्यात खुर्च्या टाकून बसलो. खाडीपलीकडे मालाडचे टॉवर लुकलुकत होते.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी गावातल्या शाळेत झेंडावंदन. पोरांना लिमलेटच्या गोळ्या मिळाल्या, लेकीलाही एक. नवरा गावकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि नंतर कुणाशी तरी पाण्याच्या लाइनबद्दल बोलत बसला.

आँटीने पापलेट आणून ठेवलं होतं. सासूबाईंचा सोमवार. चार दिवसांतला सगळ्यात ताजा मासा त्यांच्यासमोरून तळून गेला, आणि त्या वरणभात जेवल्या. दोनदा म्हणाल्या, "काल सोमवार असता तर."

दुपारी नवरा म्हणाला, अजून एक रात्र राहू या का, इथूनच ऑफिसला जातो. मी म्हटलं, मला उद्या सकाळी व्हीटीला जायचंय. बीकेसीच्या ऐवजी? त्याने विचारलं. ऑफिसच्या आधी, मी म्हटलं, त्या चांदण्यांचा फोटो नीट आला नाही. लेकीने आम्हा दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि कानात इयरफोन घातले.

गोराईला रिक्षाने गेलो. विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस बऱ्याच आधीपासून दिसत राहतो. आत गेलो नाही, वेळ झाला होता. गोराई खाडी बोटीने ओलांडून बोरिवली, तिथून दादर, दादरहून मुलुंड.

दादरला लेडीज डब्यात मी आणि सासूबाई कशाबशा बसलो. पिशवी मांडीवर, तिच्यात दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बोंबील. कुर्ल्यापर्यंत अर्ध्या डब्याने खिडकीकडे तोंड केलं. माझी नजर जमिनीला. समोरची बाई पुढे वाकली.

"बोंबील?"

मी मान हलवली.

"कुठले?"

"मढचे."

"कितीला घेतले?"

सांगितलं. तिने शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फसवलं हो तुम्हाला," ती म्हणाली. "पण वास चांगलाय."